दुसरा रहमीम

फॉर्मवरचा पहिलाच रकाना नावाचा होता, आणि तिथेच गाडी अडली.

"बाळाचं नाव?" दर्शनाने विचारलं.

"नाही," हस्केलबाबा म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे अजून नाही. आठव्या दिवशी ठेवणार. आज तिसरा."

साक्षी केंद्रातल्या दर्शना म्हात्रेने मदतीसाठी सियोनाकडे पाहिलं. सियोना टाक्यांमुळे खुर्चीच्या कडेला कशीबशी टेकली होती. सासऱ्यांशी वाद घालायची तिच्यात ताकद नव्हती, आणि या बाबतीत तसं कारणही नव्हतं. अलिबागकडच्या बेने इस्रायली ज्यू घरांत मुलाचं नाव सुंतेच्या वेळीच पहिल्यांदा मोठ्याने उच्चारतात. तोवर बाळ म्हणजे नुसतं बाळ. त्यातून हस्केल पेझारकर स्वतः मोहेल, म्हणजे सुंता करणारे. या किनाऱ्यावर उरलेले शेवटचेच म्हणायचे. चव्वेचाळीस वर्षांत तीनशेच्या वर मुलं त्यांच्या हाताखालून गेली होती, आणि त्या प्रत्येकाचं नाव आधी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं होतं.

"मग 'बाळ' असंच लिहिते," दर्शना म्हणाली. "पण आजोबा, नाव नसलं की यंत्र जरा अडखळतं हं."

"अडखळू दे. एवढं शहाणं आहे तर पाच दिवस कळ काढील."

कायदा येऊन दोन वर्षं झाली होती. त्याने बंदी कशावरच घातली नव्हती. म्हणणं एवढंच होतं की, ज्या मुलाला अजून बोलता येत नाही, त्याच्या शरीरात गरज नसताना कायमचा बदल करायचा असेल तर आधी त्या मुलाचं ऐका. आता तीन दिवसांच्या मुलाचं ऐकायचं कसं? त्यासाठी साक्षी होतं.

टाचेतून रक्ताचा एक थेंब घेत. डोक्यावर मऊ टोपी घालून बाळाच्या मेंदूतल्या लहरी दोन तास टिपत. मग जर्दाळूच्या बीएवढी एक चकती पाळण्याला लावून देत आणि घरातली बोलणी, भांडणं, गाणी, खोकले असं सगळं तिला ऐकू देत. एवढ्या शिदोरीवर यंत्र त्या बाळाची दहा हजार संभाव्य आयुष्यं वाढवी, सुंता झालेली. आणि आणखी दहा हजार, न झालेली. ती पंचविसाव्या वर्षी आणून थांबवी आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी: तुझ्या आईबापांनी केलं ते तुला मान्य आहे का?

"हे ज्योतिष नाही बरं का," दर्शना प्रत्येकाला सांगे तसं यांनाही म्हणाली. "हवामानखात्यासारखं समजा. पाऊस कुठल्या मिनिटाला पडेल ते नाही सांगता येत. पावसाळा कसा जाईल ते येतं."

आकड्यावर सही करणं फार सोपं असतं, म्हणून कायदा करणाऱ्यांनी आणखी एक अट घातली होती. दोन्ही बाजूंचा एकेक आवाज आईबापांनी स्वतः ऐकायचा. वाटल्यास बोलायचं त्याच्याशी. आणि निर्णय झाला की न निवडलेली बाजू आपल्या बोटाने पुसून टाकायची.

"पुसायची कशाला?" सियोनाने विचारलं.

दर्शना चकतीचा चिकटपट्टा सोलत होती. "सुरुवातीला ठेवत होते. मग एक आई रोज यायला लागली, तिकडच्याशी गप्पा मारायला. तिचं मूल बाहेर बाकावर बसून असायचं. चार वर्षांचं." तिने चकती सियोनाच्या तळहातावर ठेवली. "तेव्हापासून पुसतो."

*

शुक्रवारी सकाळी निकाल लागला. सियोना आणि तिचा नवरा एझ्रा पुढे बसले. बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं. हस्केलबाबा मागे, काठीवर हनुवटी टेकवून.

"सुंता झालेल्यांपैकी एक्क्याण्णव टक्के म्हणतात, बरं केलंत," दर्शनाने वाचलं.

बाबांनी मान हलवली. यात विचारायचं काय होतं, अशी.

"आणि न झालेल्यांपैकी..." दर्शनाने घसा साफ केला. "एक्क्याण्णव टक्के म्हणतात, बरं केलंत."

सियोनाला हसू फुटलं. टाक्यांनी ते लगेच थांबवलं. "म्हणजे एवढा खटाटोप करून कळलं काय?"

"बहुतेकांचं असंच येतं ताई. ज्याला जे अंग मिळालं ते त्याला आपलं वाटतं."

"उरलेले नऊ काय म्हणतात?" एझ्राने विचारलं.

"झालेल्यांतले नऊ म्हणतात, मला विचारायला हवं होतं. न झालेल्यांतले नऊ म्हणतात, मला तुमच्यात घ्यायला हवं होतं."

दर्शनाने पहिला आवाज लावला, सुंता झालेल्याचा.

"आई?"

सियोनाच्या मानेवर काटा उभा राहिला. आवाज एझ्राचा होता, पण शेवटी वर चढणारा हेल तिचा होता, तिच्या माहेरचा. पंचवीस वर्षांचा एक मुलगा पडद्यामागे उभा आहे आणि आत येऊ का म्हणून विचारतो आहे, असं वाटलं. मांडीवरचं बाळ झोपेत तोंड हलवत होतं.

"बोल बाळा," ती म्हणाली, आणि यंत्राला बाळा म्हटल्याची तिची तिलाच लाज वाटली.

"बाळा काय? रहमीम म्हण की."

मागे काठी जमिनीवर पडली.

हस्केलबाबांनी सदऱ्याच्या खिशातून एक चौघडी कागद काढला आणि एझ्रापुढे धरला. आत एकच शब्द होता. त्यांच्या वडिलांचं नाव. कुणालाच दाखवलेलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही पाळण्याजवळ बोललात का हे?" एझ्राने विचारलं.

"बोललो नाही. परवा प्रार्थना म्हणून पाहिली, सोमवारी सुंतेला म्हणायची. हळू, ओठांतल्या ओठांत. तिच्यात नाव येतं."

"चकतीला ओठांतलंही ऐकू येतं आजोबा," दर्शना म्हणाली. सगळ्यांनी श्वास सोडला. खुलासा मिळाला की भीती निम्मी होते. उरलेली निम्मी मात्र बसून राहते.

मग तिने दुसरा आवाज लावला, न झालेल्याचा. तोच आवाज, तोच हेल. "आई?"

"हं. कसा आहेस?"

"मजेत. तब्येत चांगली आहे. तुम्ही मला तसंच ठेवलंत ते बरं केलंत."

"तुझं नाव काय रे?" एझ्राने विचारलं. विचारायला नको होतं, असं त्याच्या चेहऱ्यावर लगेच उमटलं.

यंत्र बंद पडलं की काय म्हणून दर्शनाने पडद्यावर पाहिलं.

"नाही," आवाज म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. घरात साखर संपली आहे असं सांगावं, तितक्या साधेपणाने तो म्हणाला. "मला नाव नाही. तुम्ही ठेवलंच नाहीत ना. तुम्ही मला 'अरे' म्हणता."

*

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत स्वयंपाक उरकायचा म्हणून एझ्रा नारळाच्या दुधातली आमटी ढवळत होता. सियोना पाटावर बसून लसूण सोलत होती.

"मला काय झालंय?" एझ्रा म्हणाला. "माझी झाली, माझ्या बापाची झाली. काही अडलं का कुणाचं?"

"तुला कुणी काही म्हटलंय का?"

"तुम्ही नर्सबाई. तुम्हीच सांगा मग. औषधपाण्याच्या दृष्टीने काय?"

सियोना बारा वर्षं मुलांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात होती. मागचे आठ महिने तिने हाच हिशेब डोक्यात घोळवला होता. "फायदा आहे, खोटं कशाला बोलू? पहिल्या वर्षात मुलग्यांना लघवीचा संसर्ग होतो ना, तो सुंता झालेल्यांत बराच कमी. पण मुळातच शंभरातल्या एखाद्याला होतो, आणि औषधाने जातो. एड्सचा धोका पुरुषाला निम्म्याहून कमी होतो, असं आफ्रिकेतल्या मोठ्या चाचण्यांत दिसलंय. तिथे साथ होती, तिथे ते लाखमोलाचं. इथे निरोधही आहे आणि डोकंही आहे, ते वापरलं तर. तिथला कर्करोग टळतो, पण तो होतोच विरळा."

"आणि तोटा?"

"नीट हातांनी केली तर फारसा नाही. थोडं रक्त, क्वचित जखम चिघळते. बाबांच्या हातून एकही चिघळली नाही, ते मला ठाऊक आहे. आत्ता केली तर काही मिनिटांचं काम. पंचविसाव्या वर्षी करायची म्हटली तर तीन आठवडे लुंगीत."

"मग झालं की!"

"झालं काय? दुखतं रे त्याला. भूल दिली तरी नंतर दुखतं. ती कातडी काही उगीच दिलेली नसते, तिला तिची जाण असते. आणि गेली की गेली. मी रोज लोकांच्या मुलांच्या कागदांवर सह्या घेते. अपेंडिक्सला विचारावं लागत नाही, ते ठेवलं तर मूल मरतं. इथे मरत नाही. म्हणून विचारावं लागतं. देशोदेशीच्या डॉक्टरांचं यावर एकमत नाही, एझ्रा. माझं एकटीचंसुद्धा नाही."

एझ्राने आमटीत मीठ टाकलं, मग विसरून पुन्हा टाकलं. "डॉक्टरांचं सोड. ते शेकडो पिढ्या चालत आलंय. आपले पूर्वज समुद्रात बोट फुटून या किनाऱ्याला लागले तेव्हा पोथ्या बुडाल्या, भाषा गेली. शनिवार राहिला आणि हे राहिलं. त्यावरून ओळखलं लोकांनी आपल्याला. आता मी म्हणू, माझ्यापासून नको?"

हे मात्र वजनदार होतं. सियोनाने लसणाची पाकळी नखाने उगीचच चिरली.

"त्याला नाव नव्हतं," ती म्हणाली. "मला तेच ऐकू येतंय सारखं. दहा हजार मुलगे, मजेत आहेत, आणि एकालाही नाव नाही."

बाहेरच्या खोलीत हस्केलबाबा शब्बाथचे, शनिवारच्या विश्रांतीचे, दिवे लावायची वाट बघत बसले होते. भिंत पातळ होती. जेवताना ते आमटी खारट झाल्याचं बोलले नाहीत. एवढ्यावरून सियोनाने ओळखलं, की त्यांनी सगळं ऐकलं आहे.

*

शनिवारी दुपारी तिला जाग आली ती पुटपुटण्याने. तिला आधी वाटलं, यंत्रातला मुलगा. मग खोकला ऐकू आला.

बाबा पाळण्याशी उकिडवे बसले होते. शब्बाथला ते दिव्याचं बटणसुद्धा दाबत नसत. पंखा शुक्रवारपासून चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद. चकती मात्र बुधवारपासून आपोआप चालू होती. ते तिच्याकडे तोंड करून, पण बघत बाळाकडे, हळूहळू बोलत होते.

"रहमीम. ऐकतोस ना? तू रहमीम. सुंता झाली तरी रहमीम, नाही झाली तरी रहमीम. रहमीम एझ्रा पेझारकर. तुझी आई आपली आहे, म्हणजे तू आपलाच. हे मी नाही म्हणत, ते शास्त्रच आहे. कुणी विचारलं तर नाव नाही असं म्हणायचं नाही. मोठ्याने सांगायचं. आजोबांनी ठेवलंय म्हणून सांगायचं."

चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी एकदाही आठव्या दिवसाआधी नाव उच्चारलं नव्हतं. सियोना पांघरूण तोंडाशी धरून गप्प पडून राहिली. पण पाळण्याच्या दोरीला तिचा पाय लागला आणि घुंगरू वाजलं.

बाबा दचकले. पकडलं गेलेल्या पोरासारखं त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"यंत्राशी नाही हं बोललो मी," ते म्हणाले. "आज शनिवार. नातवाशी बोललो."

"हो बाबा."

"मी बटण कुठलंच दाबलं नाही."

"नाही बाबा."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. दाराशी थांबले. "दहा हजार म्हणाली ना ती? आणि सगळे 'अरे'?" मान हलवत ते बाहेर गेले.

*

रविवार. सातवा दिवस. आठवे दिवस कुणासाठी थांबत नाहीत, म्हणून केंद्र रविवारीही उघडं असे. दर्शनाने नव्या आवाजांची भर घालून यंत्र पुन्हा चालवलं होतं. आकडे जागचे हलले नव्हते. एक्क्याण्णव आणि एक्क्याण्णव.

"आज मी बोलतो," हस्केलबाबा म्हणाले आणि पुढच्या खुर्चीत बसले.

आधी सुंता झालेला आला.

"आजोबा!"

"शनिवारची प्रार्थना येते का रे तुला?"

"येते की." आणि तो गाऊ लागला. सियोनाने ती प्रार्थना लग्न झाल्यापासून दर शनिवारी ऐकली होती. बाबांना दमा होता. दुसऱ्या ओळीत, शब्दाच्या ऐन मध्यावर, जिथे थांबायचं नसतं तिथे ते थांबत, श्वास घेत आणि पुढे जात. पंचवीस वर्षांचा, दमा नसलेला तो मुलगा तिथेच थांबला. श्वास घेतला. पुढे गेला.

बाबांनी टोपी काढून डोळे पुसले आणि टोपी परत घातली. "दुसऱ्याला बोलव," ते दर्शनाला म्हणाले.

"आई?"

"आई नाही. मी. नाव काय तुझं?"

"रहमीम. तुम्हीच तर ठेवलंत." आवाजात हसू होतं. एझ्राने सियोनाचा हात घट्ट धरला.

"प्रार्थना येते?"

"नाही आजोबा."

"का नाही?"

"शिकवली नाहीत ना." हसू गेलं होतं. "तुम्ही रागावला होतात. तुम्ही माझ्याशी बोलायचा नाहीत. शेवटी शेवटी एकदा हात हातात घेतलात, पण तेव्हा तुम्हाला बोलता येत नव्हतं."

दर्शना हळूच म्हणाली, "आजोबा, हे व्हायलाच हवं असं नाही. यंत्र फक्त जे ऐकतं..."

"खरं ऐकलंय त्याने," बाबा म्हणाले. "मी तसाच आहे. मी नसतोच बोललो."

सियोना पडद्याकडे झुकली. आठ महिने जपून ठेवलेला प्रश्न तिने अखेर विचारला. "रहमीम, तूच सांग मला. काय करू?"

तो म्हणाला, "आई, तू मला विचारतेस, की माझ्याकडून म्हणवून घेतेस?"

तिने बाळाच्या दुपट्याची कड दुमडली.

"मी अजून जन्मलोच नाहीये गं. तो गाणाराही अजून कुठेच नाही. तुझ्या मांडीवर आहे तो कोण?"

मांडीवरच्याने तेवढ्यात तोंड वेडंवाकडं करून एक जांभई दिली, त्याच्या आकाराच्या मानाने फारच मोठी. सियोना त्याच्याकडे बघत राहिली. तिला एक गोष्ट स्वच्छ दिसली. दुसऱ्याजवळ जे जे नव्हतं, ते कातडीमुळे अडलेलं नव्हतं. नाव दिलं नव्हतं, ते काल दिलं. गाणं शिकवलं नव्हतं. ते सगळं या खोलीत बसलेल्या माणसांच्या हातात होतं. आणि ज्याला विचारायचं तो इथेच होता. फक्त वेळ लागणार होता.

"मी उद्या करणार नाही," ती म्हणाली. "नाव ठेवू, एलियाहू नबीच्या मलिद्याचं ताट करू, त्याची खुर्ची मांडू. पण ते नाही. मोठा झाला की त्याला सांगू, सगळं सांगू, दोन्हीकडचं. त्याला हवी असेल तर तो करून घेईल. तीन आठवडे लुंगीत बसेल. मला दोष देईल कदाचित. तो मी ऐकून घेईन." ती एझ्राकडे वळली. "तुझं काय?"

एझ्राने बापाकडे पाहिलं. बाबा काठीच्या मुठीकडे बघत होते.

"करायची म्हटलीस तर माझा हात अजून स्थिर आहे," ते म्हणाले. मग त्यांनी बाळाकडे पाहिलं. "पण मला त्याच्याशी बोलायचंय."

एझ्राने मान डोलवली.

दर्शनाने फॉर्म पुढे केला. 'बाळाची भावी संमती' अशा रकान्यावर सियोनाने आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: आईचा आणि बापाचा निर्णय. मग पडद्यावर एक चौकोन उमटला. पुसा.

"कुठला पुसायचा आपण?" एझ्राने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला कळलं. जो गातो तो.

"मला एकदा ऐकू दे," बाबा म्हणाले.

दर्शनाने तो लावला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो आनंदाने गाऊ लागला. पहिली ओळ. दुसरी. शब्दाच्या मध्यावर तो थांबला, श्वास घ्यायला, आणि सियोनाचं बोट खाली गेलं.

तिला तिथे पुसायचं नव्हतं. ओळ पुरी होऊ द्यायची होती. पण ओळ पुरी झाली असती तर तिच्याने झालं नसतं.

*

सोमवारी सिनेगॉगमध्ये वीसेक माणसं होती. सगळ्यांना कळलं होतं. दोघे जण आले नव्हते आणि आलेल्यांपैकी काहींच्या नजरा आल्या नव्हत्या. नेहमीप्रमाणे दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एक बाळाला धरून बसणाऱ्याची. दुसरी, मखमलीची गादी घातलेली, एलियाहू नबीची. तो प्रत्येक मुलाच्या आठव्या दिवशी येतो अशी श्रद्धा, म्हणून तिच्यावर कुणी बसत नाही.

हस्केलबाबांनी हत्यारांची पेटी आणली होती. ती त्यांनी उघडली नाही. कुलूप लावून किल्ली सियोनाच्या हातात दिली. "त्याला दे. मागितली तर."

मग बाळाला हातावर घेऊन त्यांनी नाव मोठ्याने उच्चारलं, आणि शनिवारची प्रार्थना सुरू केली, सगळ्यांसाठी नाही, बाळाच्या कानाशी, सावकाश, शिकवल्यासारखी. पहिली ओळ. दुसरी.

शब्दाच्या मध्यावर ते थांबले.

सियोनाला ती जागा पाठ होती. एक श्वास, की पुढे. पण आज तिने दोन श्वास ऐकले. एक बाबांचा, घरघरता. आणि एक त्याच्या मागोमाग, तरुण, स्वच्छ, पुढचा शब्द उचलायला घेतलेला.

तिने चटकन बाळाकडे पाहिलं. ते झोपलं होतं. तिने एझ्राकडे पाहिलं. तो त्या खुर्चीकडे बघत होता.

खुर्ची रिकामी होती. ती नेहमी रिकामीच असते. आजवर तिथे न दिसणाऱ्या एकाची जागा धरलेली असे. सियोना किंचित बाजूला सरकली, आणखी एक जण येत असेल तर त्याला वाट असावी म्हणून.

बाबा पुढे गाऊ लागले.